एक उकळी जास्त

फ्रिजच्या दारात, इन्शुलिनच्या शेजारी,
एक रोल आहे. काढू नका.
सूनबाई दर दिवाळीला विचारते
आणि दर दिवाळीला मी हेच सांगतो.

स्लाइडचा रोल. छत्तीस फ्रेमा.
मुदत संपून पंचवीस वर्षं झाली.

साखर पेठेत माझा स्टुडिओ होता तेव्हा
लग्नं निगेटिव्हवर काढायचो,
स्लाइड फक्त चादरींसाठी.
परदेशचं गिऱ्हाईक म्हणायचं, रंग दाखवा,
मग कारखानदार गठ्ठे घेऊन माझ्याकडे,
आणि मी गच्चीवर चादर पसरून
सव्वासातची वाट बघत उभा.

सव्वासात ते आठ, बस्.
पुढे आपलं ऊन चढलं
की पांढऱ्याचा चुना आणि काळ्याची भोकं.
फिल्म माफ करत नसे.
अर्धा स्टॉप चुकला तर चुकलाच,
लॅबवाल्याच्या हातापाया पडून
सुधारून घ्यायची सोय नव्हती.
वडिलांना जमलं नाही ते तिनं केलं:
मी पहाटे उठू लागलो.

रात्रीच्या गाडीनं रोल मुंबईला जायचा
थर्मासात, ओळखीच्या अटेंडंटच्या हाती.
बर्फ कुर्डुवाडीपर्यंत टिके,
पुढे ज्याचं त्याचं नशीब.
आठ-दहा दिवसांनी परत यायच्या
पुठ्ठ्याच्या चौकटीतल्या छत्तीस खिडक्या.

त्या खिशात घालून सायकलवर पूर्व भागात,
नरसय्या गुंडेटींच्या डाय हाउसला.
कारखानदाराच्या आधी त्यांना दाखवायच्या, हा माझा नेम.
कोपरापर्यंत हात त्या आठवड्याच्या रंगाचे.
चिमटीत धरून, एक डोळा मिटून,
ते दारातल्या उजेडात बघत.
मागे हौद खदखदत असे.
"हा लाल माझा नाही. एक उकळी जास्त झालीय."
मी म्हणायचो, मामा, उकळी तुमचीच,
ही खोटं बोलत नाही.
ते पुन्हा बघत. मग हसून, स्वतःशीच,
"येर्रगा उंदि."

एकदा त्यांच्या गल्लीत प्रोजेक्टर लावला.
पडदा म्हणून चादरच, उलट्या बाजूनं.
चादरीवर चादर.
विड्यांची सुपं मांडीवर घेऊन बायका बसल्या,
हात थांबले नव्हते कुणाचे.
आणि राजव्वा अंधारातून ओरडली,
थांब, मागं घे,
हा आमच्या व्यंकटेशचा माग,
तिसऱ्या फुलात एक दोरा कमी आहे!
होता कमी. मी शंभरदा बघितलेली ती स्लाइड.

तेव्हा सुचलं नाही, आता रात्री झोप लागत नाही तेव्हा सुचतं:
गच्चीवरच्या त्या सकाळी कॅमेऱ्यात होता
तोच तुकडा हा.
त्यानंच तो उजेड खाल्ला,
तोच मुंबई बघून आला,
आणि नरसय्यांच्या जांभळ्या बोटांत
तोच.

डाय हाउस बंद झालं त्या दिवशी
शेवटचा रोल चादरीवर घातला नाही.
रिकामे हौद काढले, फरशीत मुरलेला हिरवा,
दोरीवर राहिलेली एक लडी, आणि हात.
फार करून हातच.
"माझा काय फोटो? मी काय चादर आहे?"
असं म्हणत उभे राहिले मात्र,
धोतर झटकून, छत्तिसाव्यापर्यंत.

पाकीट मुंबईहून तसंच परत आलं.
चिठ्ठी होती: या फिल्मचं काम बंद केलं,
रसायनं ओतून टाकली.

नरसय्या गेले त्याला आता अकरा वर्षं.
नातू मोबाइलवर शोधून म्हणाला,
आजोबा, बाहेरदेशी एक जण अजून धुऊन देतो,
चित्र येईल, पण काळंपांढरं.
रंग नाही येणार.

गुंडेटी. काळेपांढरे.
मी त्याला चहा घे म्हणालो.

असू दे आहे तिथं.
लाल आत आहे, किती उकळ्यांचा
ते सांगणारं कुणी उरलं नाही.
दुधाची पिशवी काढताना तेवढं जपून.